सगळा खर्च त्यांचा, म्हणे!

...नाही नाही, टाळ्या राहू द्या, आधी त्या मागच्या दाराजवळचा नळ कोणीतरी जाऊन बंद करा! मघापासून बघतोय मी, येणारा प्रत्येक जण तिथे हात धुतोय, नळ अर्धवट सोडतोय आणि ऐटीत खुर्चीवर येऊन बसतोय, आणि कशाला जमलोय आपण इथे? तर मुलांना परदेशात शिकायला पाठवायला! अहो, पाठवा ना, खुशाल पाठवा, पण जाण्याआधी नळ बंद करायला तरी शिकवा... केला का बंद? घट्ट? हां. आता बोलतो.

तर या मॅडमनी माझी ओळख करून दिली, 'यशस्वी पालक'! हसू नका. मी प्लंबर आहे. तीस वर्षं लोकांच्या सिंकखाली आडवा होऊन काढली, आणि आज मला उभं केलंय माइकसमोर, कारण काय, तर माझ्या मुलीला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. मास्टर्स करायला गेलीय ती, तिकडे लांब, पाणीपुरवठ्याचं मोठं शिक्षण. पूर्ण शिष्यवृत्ती, बरं का! फी त्यांची, खोली त्यांची, विमानाचं तिकीट त्यांचं, पुस्तकं त्यांची, थंडीचा कोट त्यांचा, इतकंच काय, चष्म्याची काच फुटली तर तीसुद्धा त्यांची! सगळा खर्च त्यांचा, म्हणे! मॅडम म्हणाल्या, तुमचा अनुभव सांगा, पालकांना हुरूप येईल. येतो का बघू.

आता मुलीला मी वॉशर म्हणतो. नाव चांगलं आहे तिचं, आईने हौसेने ठेवलेलं, पण लहानपणी फ्रॉकच्या खिशात माझे वॉशर भरून हिंडायची, तेव्हापासून वॉशर. कॉलेज करताना, कॉलेज झाल्यावर, पाच वर्षं माझ्याबरोबर कामावर आली. मी सिंकखाली, ही बाहेर बॅटरी धरून उकिडवी. आणि बॅटरी धरणं म्हणजे सोपं वाटतं तुम्हाला? माणसाच्या डोक्याआडून, हाताआडून, नेमका जोडावर उजेड टाकायचा, न सांगता! नवखा माणूस बॅटरी धरतो ती थेट माझ्या डोळ्यात.

तर एक दिवस ही म्हणाली, बाबा, मला प्रवेश मिळालाय, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येईल, नाहीतर नाही. झालं! मी म्हटलं, भर ना मग अर्ज, हुशार आहेस, गुणपत्रिका लाव, पाठव, संपलं. संपलं? अहो, अठरा पानांचा अर्ज! अठरा! अख्ख्या इमारतीची पाइपलाइन मी पाठकोऱ्या पाकिटावर काढून देतो, आणि इथे एका पोरीला वर्गात बसवायला अठरा पानं! तुमचं स्वप्न काय, दोनशे शब्दांत. तुमच्यातलं नेतृत्व, तीनशे शब्दांत. तुमचा संघर्ष, पाचशे शब्दांत. मला सांगा, ज्याचा संघर्ष चालू आहे त्याला पाचशे शब्द लिहायला वेळ कुठून मिळणार?

मग कोणीतरी सांगितलं, सल्लागार गाठा. गाठला. काचेचं ऑफिस, थंडगार, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो, सगळ्यांनी काळ्या टोप्या हवेत उडवलेल्या, आणि मागच्या संडासात फ्लशची टाकी अखंड वाहतेय! मी जाऊन आलो ना. म्हटलं, अहो, पाणी वाहतंय. तर म्हणतो, "काका, त्याकडे लक्ष देऊ नका, आपण मोठा विचार करू." हा माणूस माझ्या मुलीला पाण्याचं शिक्षण घ्यायला पाठवणार!

त्याने वॉशरचा निबंध वाचला. वाचून असा चेहरा केला, जणू भाजीत मीठच नाही. म्हणतो, "यात दुःख कुठे आहे?" ही म्हणाली, दुःख नाहीये. "असं कसं? घरात काही... आजारपण?" नाही. "वडील... म्हणजे... पितात का?" माझ्यासमोर! मी म्हटलं, नाही पीत. तर चक्क म्हणाला, "अरेरे!" अरेरे! अहो, तीस वर्षांत थेंब घेतला नाही, कुणी शाबासकी दिली नाही ते एक वेळ राहू द्या, पण अरेरे? म्हणे, "काका, समितीला कहाणी लागते. तुमची कहाणी सपाट आहे." मी म्हटलं, सपाट नाही हो, आम्ही ती सपाट केलीय! खड्डे आम्ही बुजवले, तिला ठेच लागू नये म्हणून. ते खड्डे आता पुन्हा खणून दाखवायचे का? घरी येऊन हिला सांगितलं, हिला म्हणजे माझ्या बायकोला. तर ही माउली काळजीने विचारते, "मी थोडे दिवस आजारी पडू का?"

सगळा खर्च त्यांचा, म्हणे! आणि वर आमच्याकडून दुःखही हवंय, तेही टाइप करून!

बरं, त्यात ते शिफारसपत्र. दोन हवीत. एक कॉलेजच्या सरांचं, आणि एक जिथे काम केलंत तिथल्या मालकाचं. सरांकडे गेली ही. मोठे प्राध्यापक, पाण्यावर बोलायला देशोदेशी जातात. ते काय म्हणाले असतील? "तूच लिहून आण, मी सही करतो." हे बरंय! म्हणजे उद्या मी म्हणायचं, तुमचा पाइप तुम्हीच जोडून ठेवा, मी येऊन हात लावतो. तर ही बसली स्वतःची शिफारस लिहायला. दोन दिवस लावले. मी डोकावून बघतो तर तीन ओळी! 'सदर विद्यार्थिनी वर्गात नियमित येत असे. वेळेत काम पूर्ण करत असे. वागणूक चांगली.' मी म्हटलं, अगं, ही शिफारस आहे की रेशन कार्डावरची नोंद? जरा हात सैल सोड! तर माझ्याकडे शांतपणे बघून म्हणते, "बाबा, तुम्हीच शिकवलंत. आपल्या कामाबद्दल आपण बोलायचं नाही, नळ बोलेल."

खरंच मीच शिकवलं होतं.

पण ती सहीसुद्धा कागदावर चालत नव्हती. समितीकडून सरांच्या मेलवर एक लिंक जाणार, ती सरांनी उघडायची, प्रश्नांच्या चौकोनांत खुणा करायच्या, पत्र चिकटवायचं आणि पाठवायचं. तीन आठवडे सर लिंक उघडेनात! ही रोज आठवण करते, रोज उत्तर, "हो हो, आज बघतो." शेवटचा दिवस सोमवार, दुपारी बारापर्यंत मुदत. सोमवारी सकाळी साडेनऊला पोरगी खिडकीशी बसली होती, रडत नव्हती, नुसती बसली होती, आणि ते मला बघवेना.

मी पिशवी उचलली. कुठे जाताय, तिने विचारलं. म्हटलं, कामावर. आणि खोटं नव्हतं ते! सरांच्या घरातली पाइपलाइन आठ वर्षांपूर्वी मीच टाकलीय. गेलो, बेल वाजवली, त्यांच्या बाईंना म्हटलं, जोड तपासायला आलोय, आठ वर्षं झाली, पैसे नकोत. बाई खूश. सर कुठे आहेत? आंघोळीला गेलेत. तुम्हाला सांगतो, देव देतो तेव्हा असं देतो! गच्चीवर गेलो आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. खाली येऊन न्हाणीघराच्या दाराशी स्टूल घेऊन बसलो. दोन मिनिटांत आतून आवाज, "अगं! पाणी गेलं! माझ्या डोक्याला साबण आहे!" मी म्हटलं, सर, मी आहे, प्लंबर. "अरे वा, बरं झालं, लवकर बघा काय झालंय!" म्हटलं, बघतो ना सर, फक्त तेवढी वॉशरची लिंक... "कुठला वॉशर?" म्हटलं, माझी मुलगी, सर, तुमची विद्यार्थिनी, तिची लिंक तेवढी दाबता का? मग कसे म्हणाले? "हे... हे ब्लॅकमेल आहे!" मी म्हटलं, नाही सर, हे प्लंबिंग आहे.

बाईंकडून सरांचा मोबाइल घेतला आणि दाराच्या फटीतून आत दिला. आणि काय सांगू तुम्हाला, अंगावर साबण वाळत असला की विद्वान माणूस किती भराभर लिहितो! तीन आठवड्यांचं काम सात मिनिटांत! आतून एकेक प्रश्न वाचतायत, "बुद्धिमत्ता? उत्कृष्ट! चिकाटी? उत्कृष्ट! अहो, डोळ्यात चाललाय साबण! नेतृत्व? उत्कृष्ट! झालं, गेलं, सोडा पाणी!" तिच्या त्या तीन ओळी पण चिकटल्या असतील, पण खाली रांगेने उत्कृष्ट. मी वर जाऊन व्हॉल्व्ह उघडला, एक जोड खरंच सैल होता तो आवळला, आणि चहा न घेता आलो.

सगळा खर्च त्यांचा, म्हणे! गच्चीचे तीन जिने दोनदा चढलो, गुडघे कोणाचे गेले?

आता दुसरं पत्र, मालकाचं. सल्लागार म्हणाला होता, "कुठल्या कंपनीत काम केलंस?" ही म्हणाली, बाबांबरोबर. "हे लपव. दुसरीकडून पत्र आणू, माझी ओळख आहे." तर पोरीने ताडकन सांगितलं, लपवणार नाही, पाच वर्षं बाबांच्या हाताखाली काम केलंय, पत्र त्यांचंच जाईल. त्या दिवसापासून आम्ही त्या काचेच्या ऑफिसात गेलो नाही. टाकी अजून वाहत असेल.

तर माझ्या मोबाइलवर लिंक आली, आणि मी ती त्याच दिवशी उघडली. मी काही प्राध्यापक नाही. एका बांधकामावर होतो, बादली पालथी घातली, बसलो, डबा बाजूला ठेवला. आपल्या भाषेत लिहा, आम्ही भाषांतर करून घेऊ, असं वर लिहिलेलंच होतं. आणि अट अशी की, मी काय लिहितोय ते उमेदवाराला दिसणार नाही. उत्तम! पहिला प्रश्न, उमेदवारातले दोष. मी पानभर लिहिले. मन लावून. आमच्या धंद्यात पद्धतच आहे, एकाने केलेलं काम दुसऱ्याच्या ताब्यात देताना आधी खोट सांगायची, कुठला जोड कच्चा, कुठे पुढे त्रास देईल. लपवतो तो चोर. म्हणून लिहिलं, हट्टी आहे, ऐकत नाही, एकदा संशय आला की फरशी फोडल्याशिवाय राहत नाही, भूक लागली की चिडते. पुढचा प्रश्न, गुण. तिथे लिहिलं, 'काम बरं करते.' कुजबुजू नका! आमच्याकडे 'बरं' म्हणजे काय, हे माहितीय का? माझ्या उस्तादाने मला अकरा वर्षांत एकदा बरं म्हटलं, आणि मी घरी मिठाई घेऊन गेलो होतो.

शेवटचा प्रश्न. 'या व्यक्तीला तुम्ही पुन्हा कामावर ठेवाल का? होय. नाही.' मी नाहीवर खूण केली, पाठवून दिलं, आणि डबा उघडला. समाधानाने जेवलो, खोटं कशाला सांगू.

महिन्याने मुलाखत. घरीच, लॅपटॉपवर. टेबलावर चादर, मागे भिंत कोरी केली, कॅलेंडर काढलं, मला आणि बायकोला स्वयंपाकघरात कोंडलं, आवाज करायचा नाही, शिंकायचं नाही. दहा मिनिटं पोरगी फाडफाड बोलत होती. आणि मग थांबली. एकदम. मला तो आवाज कळतो हो, चालू धार मध्येच तुटते ना, तसा. मग दार उघडलं, चेहरा पांढराफटक, म्हणाली, "बाबा, इकडे या. तुम्ही 'नाही' लिहिलंत?"

पडद्यावर तिघं. मधल्या बाई, करड्या केसांच्या, मास्तरीण शोभतील अशा, त्या काहीतरी बोलल्या. वॉशरने सांगितलं, "त्या म्हणतायत, इतक्या वर्षांत मालकाने 'नाही' लिहिलेले अर्ज बरेच आले. बापाने 'नाही' लिहिलेला हा पहिलाच. कारण विचारतायत. उत्तर पटलं नाही, तर अर्ज बाद होईल."

बाद! माझ्या एका खुणेने! मी बनियनवर, तिकडून पाठीत बायको बोटं खुपसतेय, काय लिहून बसलात, काय लिहून बसलात! आणि भाषांतर करायला कोण? हीच! तिच्याबद्दल मी बोलायचं आणि तिनेच ते सांगायचं!

मी म्हटलं, सांग त्यांना. एका घरात भिंतीला ओल होती. मी जोड बदलला, फरशी बसवली, काम झालं म्हणून सांगितलं. ही म्हणाली, बाबा, आत अजून पाणी वाजतंय. मी कान लावला, काही नाही. म्हटलं, तुझे कान वाजतायत, गप्प बस. घरमालकासमोर ओरडलो तिला. दुसऱ्या दिवशी ही एकटी गेली, फरशी उचलली. खाली दोऱ्याएवढी धार. तीस वर्षांच्या माणसाला ऐकू आली नाही, हिला आली. आणि मी काय केलं? मालकाला म्हटलं, मला संशय होताच. हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेलं नाही, हिच्याजवळही नाही. ती माझ्यापेक्षा चांगली आहे. आता तिला परत माझ्या हाताखाली ठेवली तर ती माझ्याएवढीच होईल, आणि मी तिला गप्प बस म्हणत राहीन. म्हणून नाही. हजारदा विचारा, नाही.

बोललो आणि थांबलो. ही काही बोलेचना! पडद्यावर तिघं वाट बघतायत, बायकोची बोटं थांबलीत, आणि ही माझ्याकडे बघतेय, डोळे भरलेले, ओठ घट्ट. मी म्हटलं, अगं, सांग ना! जसं बोललो तसं सांग, कमी करू नकोस! मग सांगितलं तिने. मी एवढं बोललो, तिचं चार वाक्यांत उरकलं. कमीच केलं असणार, कार्टीने! माझीच शिकवण. पण त्या बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि एकच प्रश्न विचारला. वॉशर म्हणाली, "त्या विचारतायत, ती धार आता बंद आहे ना?" मी म्हटलं, हिने बंद केलीय, म्हणजे बंदच आहे.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मिळाली. आणि गेली.

आता तुम्हाला वाटलं असेल, संपली गोष्ट, वाजवा टाळ्या. बसा. विमानात बसवून घरी आलो, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, सिंकखाली शिरलो, आणि सवयीने हात बाहेर काढला, "जरा डावीकडे धर." कोण धरणार? बॅटरी दातांत धरली. तेव्हापासून दातांतच. त्यांच्या खर्चाच्या यादीत कोट आहे, काच आहे, बॅटरीचं कुठे काही नाही, बघा शोधून!

दर रविवारी फोन येतो, चेहरा दिसणारा. पहिल्या रविवारी काय बोलायचं सुचेना. जेवलीस का? हो. थंडी? आहे. अभ्यास? चाललाय. संपलं! दीड मिनिट! पाच वर्षं सिंकखालून कधी फार बोललो नव्हतो, फोनवर कुठून सुचणार? ठेवणार, तेवढ्यात ही म्हणाली, "बाबा, थांबा. आपला स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय." माझा नळ! तीस वर्षं प्लंबर, आणि माझ्या घरात, माझ्या डोक्यामागे! मी कान लावला, काही नाही. "ठिबकतोय बाबा, मला इथे ऐकू येतंय." जवळ जाऊन बोट लावलं. ओलं! मग काय विचारता, कुठला वॉशर, वॉशरखालची सीट खराब झालीय का, पान्हा कुठल्या मापाचा, बॅटरी कुठे धरली, दातांत? अहो बाबा, दात पडतील! हसतेय, ओरडतेय, चाळीस मिनिटं! नळ दुरुस्त केला, एक नंबर. आणि पुढच्या रविवारी? जेवलीस का? हो. थंडी? आहे. दीड मिनिट.

म्हणून आता दर रविवारी, फोन यायच्या आधी, मी तो नळ जरासा सैल करून ठेवतो. अगदी जरासा. मघाशी तुमच्यावर ओरडलो, तोच मी, हो! बायको बघते, आणि खाली एक पातेलं पालथं घालून ठेवते, आवाज नीट जावा म्हणून. आणि पोरगीही काय कमी आहे? दर रविवारी नव्याने म्हणते, "बाबा, ठिबकतोय!"

तर पाठवा, जरूर पाठवा मुलांना. सगळा खर्च त्यांचा, म्हणे! पाण्याचं बिल तेवढं माझं.